तरंगते ते घालू नये

मृत्युपत्र लिहून ठेवणार : चन्नबसम्मा भ्र. कै. कल्याणराव हालगे, वय सहासष्ट वर्षे, धंदा शेती व घरकाम, राहणार झरी, तालुका व जिल्हा परभणी.

आज संक्रांतीची कर. या दिवशी कोणी शुभ काम काढत नाही. हे शुभ काम नाही आणि ते सोमवारच्या आत झालेच पाहिजे, म्हणून दिवस न बघता लिहायला बसले आहे. अक्षर माझे स्वतःचे आहे. चारठाण्याला वडिलांच्या दुकानात बसून मी लिहायला शिकले, त्यामुळे ओळी थोड्या वर चढतात, तेवढे सांभाळून घ्यावे. मला दम्याचा त्रास आहे, दिवाळीपासून मी खाटेवर आहे, परंतु माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दवाखान्याचा कागद सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचल्यावर त्यांनीच पुरे म्हटले.

माझ्यावर कोणाचा दाब नाही, मला कोणी फूस लावलेली नाही, आणि मी कोणत्याही नशेत नाही. नशेचा हा शब्द घालावाच लागतो असे वकिलाच्या कारकुनाने सांगितले. तो लिहिताना माझा हात थांबला. का थांबला ते पाचव्या कलमात येईल.

कलम १. घर. झरीतील राहते घर, मागचा गोठा आणि रस्त्याकडचा दुकानाचा गाळा माझा मुलगा शिवलिंग याला द्यावा. हे सगळे बायकोच्या नावावर कसे, असे गावाला अजून वाटते. सीलिंगचा कायदा आला तेव्हा माझ्या यजमानांनी धास्तीने घर आणि ओढ्याकाठची चार एकर जमीन माझ्या नावावर करून टाकली. कायदा बायकोला वेगळी धरत नाही हे त्यांना मागाहून कळले, पण तोवर कागद झाले होते आणि पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढायचा त्यांना कंटाळा. त्या कंटाळ्याच्या जोरावर मी आज हे लिहिते आहे. माझी मुलगी महादेवी, जी पोखर्णीला दिली आहे, ती माहेरी येईल तेव्हा मधली खोली तिची. त्या खोलीत कापसाची बोचकी ठेवू नयेत.

कलम २. अंगावरचे. बोरमाळ महादेवीला, पाटल्या सूनबाईला. सूनबाईने तोंड वाकडे करू नये, पाटल्या वजनाला जास्त आहेत. गळ्यातले इष्टलिंग माझ्याबरोबर मातीत जाईल, ते कोणाला देता येत नाही.

कलम ३. भिंतीवरचे. बैठकीत काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्र आहे. ‘गोबर गॅस संयंत्राचा आदर्श वापर केल्याबद्दल श्री. कल्याणराव हालगे यांना’. ते माझ्यामागे काढून ठेवावे. माझ्या यजमानांनी त्या गॅसवर चहा पुष्कळ प्यायला, पण संयंत्रात एक पाटी शेण कधी कालवले नाही. चौकटीचा आरसा करावा, घरात चांगला आरसा नाही.

शेजारी दिनकरराव यांच्याकडे आमचे पितळी घंगाळ महादेवीच्या लग्नापासून आहे. ते मागू नये. रोज सकाळी ते त्यात तोंड धुतात, धूत राहोत. सत्त्याऐंशी साली त्यांनी ज्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली, त्या कागदाजवळ ते घंगाळ मला फार लहान वाटते. आणि परवा त्यांनीच शिवलिंगाला गॅसची टाकी उचलायची तीन पायांची तिकाटी आणि साखळी वापरायला दिली आहे.

कलम ४. अवजारे व रीत. हाताने फिरवायचे कुट्टीचे यंत्र, त्याची दोन जादा पाती आणि गोठ्यामागचा भिजवणीचा हौद, यांपैकी यंत्र व पाती महादेवीने पोखर्णीला न्यावीत. हौद नेता येत नाही म्हणून रीत लिहून देते. महादेवी, हे तुला तोंडी सांगितले आहे, तरी कागदावर असू दे. माझ्याजवळ खरोखर माझे म्हणावे असे एवढेच आहे.

आमचे संयंत्र एक्क्याऐंशी साली बांधले. जमिनीत खोल गोल खड्डा, त्यावर तरंगणारी लोखंडी टाकी. अधिकारी म्हणाले, यात फक्त शेण घाला. तेव्हा गोठ्यात अकरा जनावरे होती, शेणाला तोटा नव्हता. मग पाऊस लागोपाठ कमी झाला, चारा मिळेना, जनावरे चारच राहिली. टाकी निम्मीसुद्धा वर येईना. तेव्हा आमचा सालगडी सूर्यभान याने मला एक गोष्ट दाखवली. गोठ्याच्या कोपऱ्यात जनावरांनी न खाल्लेली जाड धाटे गोमूत्रात पडून राहत. आठवड्याने ती इतकी मऊ पडत की पायाखाली चिखलासारखी वाटत. तो म्हणाला, “बाई, हे खड्ड्यात घालून बघू का? शेनावानीच झालंय की.” आम्ही घातले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाकी चार बोटे वर आली. मग दोन वर्षे आम्ही दोघांनी हाच नाद केला. यजमान मला हसत. “बायकोला शेणात शाळा घातलीय,” असे दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगत.

रीत अशी. गाय चारा चावते, पुन्हा रवंथ करते, तेव्हा कुठे तिच्या पोटात त्याचे काही होते. खड्ड्याला दात नाहीत. त्याचे चावण्याचे काम आपण बाहेर करायचे. कडब्याची कुट्टी बोटाच्या पेराएवढी, त्याहून लांब नाही. माती झटकून हौदात भरावी. तिच्यावर विहिरीचे पाणी न ओतता खड्ड्यातून बाहेर पडलेले जुने शेणपाणी ओतावे, कारण विरजण त्यात असते. वर फळी आणि फळीवर दगड ठेवावेत म्हणजे कुट्टी बुडून राहील. उन्हाळ्यात आठ दिवस, थंडीत पंधरा. उसाचे पाचट असेल तर आधी चुन्याच्या पाण्यात दोन दिवस ठेवून, धुऊन, मग हौदात. कापसाची पऱ्हाटी आणि तुरीची तुराटी कधीही नाही. ती चुलीचीच, तिच्या लाकडापुढे कोणाचे काही चालत नाही.

तयार झाली का ते असे बघावे. चिमटीत धरून पिळले की धाटाचे दोरे-दोरे सुटले पाहिजेत. मग बादलीभर पाण्यात एक मूठ सोडावी. बुडते ते घालावे. तरंगते ते घालू नये, परत हौदात टाकावे. बाहेर बादलीत जे तरंगते ते आत खड्ड्यातही तरंगते, एकमेकांत अडकते आणि वर साय धरते. साय वाळते, वाळून चटई होते, चटईचे खळे होते. गॅस खालच्या खाली अडकतो. म्हणून तीन पाट्या शेणाला एकच पाटी कुट्टी, आणि टाकी रोज सकाळी हाताने दोन फेरे फिरवावी. हा आळस करू नये. खड्डा राग धरून ठेवतो, लगेच दाखवत नाही.

कलम ५. सूर्यभान. हे कलम मला साडेसहा वर्षांपूर्वी लिहून द्यायचे होते.

सूर्यभान खंदारे आमच्याकडे अकरा वर्षे साल धरून होता. वस्तीवरचा, बौद्ध. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून मराठवाड्यात घरे जळाली, तेव्हा आठ दिवस त्याची बायको पंचफुला आणि लेकरे आमच्या गोठ्यात होती. ते आठ दिवस आम्ही त्याला पुढे नऊ वर्षे ऐकवले. काम शांतपणे करायचा. दारूच्या थेंबाला शिवत नसे. त्याच्या वडिलांनी दारूत घर घालवले होते आणि त्याने बुद्धवंदनेत शपथ घेतली होती. हे मला पक्के माहीत होते. हे वाक्य साक्षीदारांनी दोनदा वाचावे.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात संयंत्र बघायला तालुक्याहून पाहुणे येणार असे ठरले. यजमानांना टाकी काठोकाठ वर आलेली दाखवायची होती. मी माहेरी चारठाण्याला लग्नाला गेले होते. मागे त्यांनी चार दिवसांत चार गाड्या कोरडी कुट्टी आणि तुरीचे भूस खड्ड्यात ढकलून घेतले, न भिजवता. सूर्यभानने सांगून पाहिले, “मालक, हे तरंगतंय. बाई म्हनल्यात घालू नका.” यजमान म्हणाले, “बाई म्हनल्यात तर बाईला गाडीला जुप.” सगळे हसले म्हणे.

मी आले तेव्हा टाकी एका बाजूला कलून अडकली होती. गॅस नाही. तिकाटी लावून आठ गड्यांनी टाकी उचलून बाजूला ठेवली. खाली दोन हात जाडीचे खळे धरलेले. वरून वाळून असे टणक की मळणी करावी. एक दिवस तसेच उघडे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी विहिरीवाल्यांची रीत केली. आमच्याकडे जुन्या विहिरीत माणूस उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. विझला तर हवा खराब, जळत राहिला तर माणूस उतरतो. कितीतरी पिढ्या हेच करून जिवंत राहिल्या आहेत. त्यांनी कंदील खळ्यापर्यंत सोडला. जळत राहिला.

“कंदील जळायलाय. हवा चांगली हाय. उतर.”

सूर्यभान काठावर बसून खाली बघत राहिला. “मालक, वरचं ठीक हाय. खाली काय दाबून बसलंय ते कंदिलाला काय कळंल? आजून दोन दिस ऱ्हाऊ द्या. वरूनच बांबूनं फोडू.”

“पाहुने उद्या यायलेत.”

“मग येऊ द्या. खरं सांगू त्यास्नी.”

तेव्हा माझे यजमान, जे लोकांत कधी आवाज चढवत नसत, ते म्हणाले, “नामांतर मागायला लय पुढं असता. खड्ड्यात उतरायला भेव वाटायलंय का?”

सूर्यभान उठला. माझ्याकडे त्याने एकदा पाहिले. मी त्या हौदाची, त्या कुट्टीची, त्या सगळ्या रीतीची मालकीण होते. तो बरोबर सांगतो आहे हे त्या काठावर उभ्या असलेल्यांत फक्त मला कळत होते. मी पदर दातात धरून उभी राहिले. तो शिडीने उतरला.

खळ्याने त्याचे वजन पेलले. त्याने पहार मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी खळे फाटले आणि आतून फुसकन मोठा सुस्कारा आला. सडक्या अंड्यांचा वास एकदाच आला, मग आलाच नाही. सूर्यभान जेवायला बसतो तसा खाली बसला. पहार त्याच्या हातातच होती. मग तो कुशीवर झाला आणि फटीतून कमरेपर्यंत आत गेला. एक गडी शिडीला हात घालू लागला, त्याला यजमानांनी धरले. ते मात्र त्यांनी बरोबर केले. विहिरीतून बादल्या काढायचा लोखंडी गळ आणून, त्या गळाने त्याला वर काढायला तास गेला.

पोलीस यायच्या आत पडवीत बसून ठरले. गडी पिऊन आपल्या मर्जीने उतरला. त्याच्या खोपीत रिकामी बाटली ठेवली गेली. कोणी ठेवली ते मी पाहिले. ते आता जिवंत नाहीत आणि माझेच यजमान होते. दिनकररावांनी बाटली पाहून पंच म्हणून सही केली. पोलिसांनी मला विचारले, तो पीत असे का. मी म्हणाले, “ऐकून हाय.”

पंचफुला आली. तिने सगळ्यांसमोर वाकून त्याच्या तोंडाला नाक लावले. म्हणाली, “शेनाचा वास हाय. दारूचा न्हाई.” मग माझ्याकडे वळली. “बाई, तुमी तर काठावरच हुत्या. सांगा की.”

मी म्हणाले, “पंचफुला, मी सैपाकात हुते.”

तर मी, चन्नबसम्मा, शपथेवर लिहून ठेवते की सूर्यभान खंदारे मेला त्या दिवशी तो पूर्ण शुद्धीत होता. त्याला चिथावून उतरवले. तो खड्ड्यातल्या हवेने मेला. खड्डा आम्ही बिघडवला होता. मी काठावर होते.

कलम ६. पंचफुला. ओढ्याकाठच्या चार एकरांतील उत्तरेचे दोन एकर पंचफुलाला द्यावेत असे मी ठरवले होते आणि त्यासाठी बुधवारी निरोप पाठवून तिला बोलावले. ती आली पण पडवीत चढली नाही. मी खाटेवरून, ती अंगणातून, असे आमचे बोलणे झाले. सगळे सांगून मी तिला जमीन घे म्हणाले.

“जमीन नगं,” ती म्हणाली. “जमीन घेतली की लोक म्हनतील, जमिनीपायी बोलायलीय. मला कागद पायजे. त्यो पेलेला नव्हता, असं लिवा. नवऱ्याच्या नावाला साडेसहा वर्सं वास मारायलाय.”

मी लिहीन म्हणाले. ती जायला निघाली आणि फाटकाशी थांबली. “तुमचं पोरगं सोमवारी उतरनार म्हनं त्यात. त्याला तरी हे वाचून दावा. एक मानूस गेलंय, लय झालं.”

माझ्या मनात हेच आठ दिवस होते आणि मी ते तिच्याजवळ बोलले नव्हते. तिने ते बोलावे याची मला इतकी लाज वाटली की मी भिंतीकडे तोंड केले.

जमीन सगळी शिवलिंगाकडे राहील. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळालेले चालत नाही असा नियम आहे. पंचफुलाने काही घेतले नाही, म्हणून तिला साक्षीदार होता येते. ती गेल्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात सही करायला शिकली आहे.

कलम ७. खड्डा. अठ्ठ्याऐंशी साली आम्ही खड्डा पंपाने उपसून पुन्हा भरला आणि मी तो पाच वर्षे माझ्या हाताने चालवला. एक पाटी न भिजवलेली आत गेली नाही. यजमान गेले, मग मी खाटेला लागले, आणि दिवाळीपासून कारभार शिवलिंगाकडे आहे. त्याला हौद नको. “माय, कडब्याला काय बाळंतिनीवानी रोज न्हाऊ घालायचं? कापून टाकला की कुजतोय आपोआप.” मोठी कुट्टी, ओला-कोरडा काही विचार नाही, आणि दोन वेळा मी माझ्या डोळ्यांनी पाटीत पऱ्हाटीचे तुकडे पाहिले.

आता खुणा लिहिते. गेल्या महिन्यापासून शेगडीची ज्योत पिवळी येते आणि भाकरी तव्यावर असतानाच मिटते. टाकी कोणी फिरवू गेले तर फिरत नाही. पूर्वेच्या अंगाने ती चार बोटे वर आणि पश्चिमेला खाली आहे. बाहेरच्या तोंडातून शेणकाला यायचा तिथे नुसते मळके पाणी येते, म्हणजे धाटे सगळी आत राहतात आणि पाणी तेवढे खालून निघून जाते. दुपारी घर शांत असते तेव्हा मला खाटेवर तिकडून आवाज येतो. थोड्या थोड्या वेळाने एक मोठा बुडबुडा टाकीच्या कडेने वर येऊन फुटतो. सूनबाई म्हणते, मला भास होतो. मी हा आवाज सत्त्याऐंशीच्या वैशाखात दोन दिवस ऐकला आहे.

सोमवारी आमच्याकडे बैल जुपत नाहीत, बसवेश्वराचा वार. त्यामुळे गडीमाणसे मोकळी असतात. म्हणून शिवलिंगाने सोमवारच धरला आहे. उद्या टाकी उचलून ठेवायची, परवा उतरायचे. वस्तीवरचा कोणी आता त्या खड्ड्याजवळ येत नाही आणि त्यांना कोणी दटावून आणूही शकत नाही. तो काळ गेला, फार बरे झाले. त्यामुळे माझा मुलगा स्वतः उतरणार आहे. कंदील त्याने पुसून ठेवला आहे.

काल तिळगूळ द्यायला तो खाटेजवळ आला. वस्तीवर फटाके वाजत होते, विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला म्हणून. मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, “शिवा, त्या खड्ड्यात उतरू नको रे.”

तो हसला. माझा मुलगा हसतो तेव्हा फार चांगला दिसतो. “माय, उगं भेतेस. सूर्यभान पिऊन उतरला हुता म्हनून गेला. मी काय पितो का?”

तेव्हा तो परभणीला कॉलेजात होता, त्याने काही पाहिलेले नाही. हे वाक्य मीच त्याला शिकवले. आल्यागेल्याला सांगत राहिले, त्याच्यासमोर सांगत राहिले, आणि त्याने ते आईचे म्हणून धरले. आता त्याच वाक्यावर पाय ठेवून तो शिडी उतरणार आहे. मला त्या क्षणी खरे सांगता आले असते. माझा श्वास कोंडला आणि तिळगूळ हातात राहिला. दम्याने कोंडला असे मी म्हणू शकले असते, पण पुन्हा खोटे लिहीत नाही. मला भीती वाटली की तो माझ्याकडे पंचफुलासारखा बघेल. परक्याच्या लेकरासाठी मी तोंड उघडले नाही, आणि आता माझ्याच्यासाठी उघडायचे तर जीभ वळत नाही. म्हणून हा कागद.

शिवलिंगाला आज्ञा अशी. टाकी उचलू नये. संयंत्रात काही घालणे आजच बंद करावे. नळीची कळ मोकळ्यावर उघडी ठेवून आठ दिवस गॅस सोडून द्यावा, त्या बाजूला विडीसुद्धा पेटवू नये. मग टाकी उचलावी आणि वरूनच, काठावर लांब उभे राहून, बांबूने आणि गळाने खळे फोडावे. पाणी पंपाने उपसावे. रिकामा झाला तरी आत कोणी उतरू नये. कंदील जळो की विझो. दगड-मुरूम टाकून खड्डा बुजवावा. गॅस पाहिजेच असेल तर नवे संयंत्र बांधावे आणि पोखर्णीला जाऊन बहिणीच्या हाताखाली पंधरा दिवस कुट्टी भिजवायला शिकावे. लाज वाटून घेऊ नये. तिला हे तुझ्यापेक्षा जास्त कळते.

कलम ८. वाचन. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे तोवर थांबू शकत नाही. हा कागद बंद करू नये. उद्या रविवारी सकाळी टाकीला साखळी लागायच्या आत साक्षीदार भुजंगराव गुरुजींनी तो शिवलिंगासमोर मोठ्याने वाचावा, पाचवे कलम वगळता कामा नये, आणि वाचताना पंचफुलाने तिथे उभे राहावे. मी खाटेवर असेन. त्याने माझ्याकडे कसे बघावे ते त्याने ठरवावे, मी तोंड फिरवणार नाही. म्हातारीला भ्रम झाला असे तो म्हणेल. दवाखान्याचा कागद त्याच्या हातात द्यावा. तरीही त्याने हट्ट धरला तर माझी खाट चौघांनी उचलून खड्ड्याच्या काठावर नेऊन ठेवावी.

कलम ९. शेवटचे. हे मी साक्षीदारांना आणि गावच्या सगळ्या गड्यांना उद्देशून लिहिते.

एवढे होऊनही माझा मुलगा खाली उतरला आणि बसला, तर त्याच्यामागे कोणीही उतरू नये. एकामागे दुसरा जातो आणि दुसऱ्यामागे तिसरा, खड्डा सगळ्यांना पुरतो. शिडी ताबडतोब वर ओढून घ्यावी. मी काठावर असेन. मी ओरडेन. दोर सोडा म्हणेन, कोणी तरी उतरा म्हणेन, एकेकाचे नाव घेऊन म्हणेन, पाया पडेन, जमीन देते, घर देते म्हणेन. मला धरून ठेवावे. त्या वेळी मी जे बोलेन ते माझे बोलणे धरू नये. आज लिहिले आहे ते धरावे.

ठिकाण : झरी
तारीख : १५ जानेवारी १९९४, शनिवार

(सही) चन्नबसम्मा भ्र. कल्याणराव हालगे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली आणि ज्यांनी एकमेकांसमोर सह्या केल्या :

१. (सही) भुजंगराव पि. मारोतराव कच्छवे, निवृत्त शिक्षक, राहणार झरी. मजकूर मी आम्हा दोघा साक्षीदारांसाठी मोठ्याने वाचला. पाचव्या कलमातील सांगितलेले वाक्य दोनदा वाचले.

२. (सही) पंचफुला भ्र. सूर्यभान खंदारे, मजुरी, राहणार झरी. मजकूर ऐकला. उद्या सकाळी हजर राहीन.